चाल त्यांचीच: धोबीतलाव ते ‘इव्हॉल्व्ह’

मुंबईच्या इंडस क्रीड या रॉक बँडचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम २०१२ साली आला. त्याआधीचा त्यांचा अल्बम १९९५ चा. मधल्या सतरा वर्षांत बँड मोडला, माणसं पांगली, कॅसेटी गेल्या, सीडी आल्या आणि त्याही जायच्या बेतात आल्या. धोबीतलावच्या ज्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात या बँडचं नाव झालं, तिथे गिटार वाजणं थांबलं. एवढं सगळं होऊन गेल्यावर मुंबईतले हे वादक पुन्हा एकत्र बसले, आठ नवी गाणी केली, आणि त्या गाण्यांत आपल्याच जुन्या यशाची उसनवारी कुठेही केली नाही.

मला ‘इव्हॉल्व्ह’ हा त्यांचा सर्वांत पक्व अल्बम वाटतो. हे मत एका भक्ताचं आहे. बँडचं नाव रॉक मशीन होतं तेव्हापासून मी त्यांचं गाणं ऐकत आले आहे, आणि या गाण्यावर माझं प्रेम आहे हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पण या प्रेमाची मुळं एका बँडपुरती नाहीत. ती मुंबईच्या एका कोपऱ्याच्या इतिहासात फार खोल गेलेली आहेत. तो कोपरा म्हणजे धोबीतलाव. तिथे काय काय घडत आलं हे ठाऊक असलं, तर हा अल्बम किती मोठी मजल मारून आलाय ते कळतं.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. आमच्याकडून ठाकुरद्वार ओलांडून मेट्रो सिनेमाच्या चौकापर्यंत चालत जायला वेळ लागत नसे, पण त्या थोड्या वाटेत दुनिया बदलायची. अलीकडे केळेवाडीतला साहित्य संघ, नाटकांच्या जाहिराती, पूजेच्या साहित्याची दुकानं. पलीकडे धोबीतलाव: इराण्याची हॉटेलं, पाववाले, क्रूस लावलेली दारं, आणि जेर महालातलं फुर्ताडोंचं वाद्यांचं दुकान. त्याच्या काचेपलीकडे पियानो, व्हायोलिनं, गिटारी आणि स्वरलिपीची छापील पुस्तकं मांडलेली असत. कपडे धुवायचा जो तलाव होता तो कधीच बुजला होता. नाव तेवढं उरलं होतं.

या वस्तीत गोव्याच्या माणसांचे ‘कुड’ होते. एकेका गावाचा एकेक कुड. मुंबईत नोकरीच्या शोधात आलेल्या किंवा बोटीवर कामाला जाणाऱ्या गावकऱ्याला तिथे अल्प पैशांत पथारी आणि ट्रंक ठेवायला जागा मिळायची. संध्याकाळी वेदीसमोर सगळे मिळून तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणत. बोटीवर जाणाऱ्यांना तारवटी म्हणायचे. या कुडांतून, आसपासच्या खोल्यांतून मुंबईला तिचे वादक मिळाले. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फा, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं-वाजवणं, शिकवण्याची जुनी परंपरा होती. प्रार्थनेसाठी शिकलेली ही विद्या मुंबईत पोटापाण्याला उपयोगी पडली. मूकपटांच्या थेटरात, हॉटेलांच्या बँडात, लग्नाच्या मिरवणुकीत आणि पुढे सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये कागद बघून अचूक वाजवणारा माणूस लागायचा. तो बहुतेक वेळा गोव्याचा असायचा.

१९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून आणखी अमेरिकन वादक आले. त्यांना ऐकून, त्यांच्या शेजारी बसून वाजवून इथल्या गोवेकरांनी जॅझ आत्मसात केला. त्यांतला चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेट वाजवायचा. मुंबईत त्याला लुई आर्मस्ट्राँगच्या जोडीला बसवायचे. हाच चिक पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात होता. पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र चितळकर, लालबाग-परळच्या पिटातल्या प्रेक्षकाचा लाडका भगवानदादा आणि गोव्याचा चिक चॉकलेट या तिघांनी मिळून १९५१ च्या ‘अलबेला’त जी धमाल उडवली, तिच्यावर गिरणगावापासून गिरगावापर्यंत लोक नाचले. आमच्या चाळीच्या गणपतीतसुद्धा ती गाणी वाजायची. म्हणजे ड्रम, ट्रम्पेट, डबल बास यांचा आवाज मराठी कानाला रॉक यायच्या कितीतरी आधी ओळखीचा झाला होता. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड या गोवेकर वादक-संयोजकांची नावं पडद्यावर ठळक झळकली नाहीत, पण त्यांनी बांधलेला वाद्यमेळ देशभर गेला.

साठच्या दशकात बीटल्सच्या लाटेबरोबर मुंबईत गिटारवाल्या पोरांचे गट निघाले. सॅव्हेजेस, जेट्स, मिस्टिक्स अशी त्यांची नावं. तंबाखू कंपनीने आपल्या सिमला सिगारेटच्या नावाने ‘सिमला बीट’ ही स्पर्धा भरवायला सुरुवात केली. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धेतल्या बँडांच्या रेकॉर्डीही निघाल्या. देशात रॉक बँडला रेकॉर्डवर जागा मिळणं तेव्हा फार दुर्मिळ होतं. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. त्यांनी इथल्या वादकांना घेऊन आपल्या दोन गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये अचानक वाजवूनही गेले. त्या रात्रीची कथा माझ्या पिढीला आधीच्या पिढीने इतक्या वेळा ऐकवली की आपणही तिथे होतो असं वाटायला लागावं.

तरीही एक गोष्ट बदलत नव्हती. इथल्या बँडकडून अपेक्षा एकच असायची: परदेशी गाणं हुबेहूब वाजवून दाखवा. त्याला कारणं होती. हॉटेलात नाचायला आलेल्या माणसाला ओळखीचं गाणं हवं असे आणि वादकाचा पगार तो देत असे. रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा सिनेमाच्या गाण्यावर चालायचा. परदेशी गिटार, ॲम्प्लिफायर यांच्यावर जबर आयात कर होता. इथल्या गिटारीचा सूर टिकायचा नाही आणि चांगल्या तारांचा एखादा संच कुणी तारवटी बोटीवरून घेऊन आला तर तो जपून, पुसून वापरला जायचा. रेकॉर्डीही तशाच यायच्या, मग एकीच्या पन्नास कॅसेटी व्हायच्या. त्या परिस्थितीत मूळ गाण्यातला गिटारचा तुकडा कानाने उतरवून जसाच्या तसा वाजवणं हीच मोठी कर्तबगारी होती, आणि तिला टाळ्या मिळाल्या यात मला काही गैर वाटत नाही. नक्कल हे शिक्षण होतं. प्रश्न एवढाच होता की शिक्षण कधी पुरं व्हायचं.

धोबीतलावला झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन आहे. राज्य सरकारचं हे खुलं नाट्यगृह. वर आभाळ, समोर रुंद रंगमंच, पायऱ्या-पायऱ्यांची बैठक. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे ‘जॅझ यात्रा’ सुरू केली आणि जगभरचे जॅझवादक या मंचावर येऊन गेले. १९८० च्या मार्चमध्ये इंग्लंडचा ‘द पोलीस’ हा बँड इथे वाजला. तो कार्यक्रम ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या महिलांच्या संस्थेने धर्मादाय कामासाठी भरवला होता. जगभर तिकिटं संपवणारा बँड धोबीतलावच्या उघड्या मंचावर, ही गोष्ट त्या काळच्या पोरांना किती मोठी वाटली असेल याची आज कल्पना करणं कठीण आहे. मग १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या आसपास ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केलं, आणि रंगभवन हे रॉकचं देऊळ झालं.

ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. तिथे छप्पर नाही. वायरींवर प्लास्टिक, ड्रमवर ताडपत्री आणि खाली काळे टी-शर्ट घातलेली हजारो पोरं. डोंबिवलीहून, वसईहून, वांद्र्याहून, दादरच्या पारशी कॉलनीतून, आणि गिरगावच्या चाळींतूनही. मुली कमी असायच्या, पण असायच्या. आम्ही भावाच्या किंवा वर्गातल्या मित्रांच्या घोळक्यातून जायचो आणि कडेच्या पायऱ्या धरायचो. मंचावर बँड ढिसाळ वाजवायला लागला की पब्लिक त्याला उभं राहू द्यायचं नाही. आणि चांगला वाजला तर फर्माईश व्हायची: डीप पर्पल! आयर्न मेडन! लेड झेपेलिन! पोरांना तीच गाणी हवी असायची. त्यांना शब्दन् शब्द पाठ असायचा आणि आपल्यासारखाच दिसणारा एक पोरगा मंचावर तीच गाणी वाजवतोय याचा आनंद खरा असायचा. कार्यक्रम संपला की सगळी गर्दी शेवटची लोकल पकडायला मरीन लाइन्सकडे नाहीतर व्हीटीकडे पळायची.

रॉक मशीन १९८४ साली मुंबईत उभा राहिला. महेश तिनईकर आणि पुढे जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बासवर, मार्क मेनेझिस ड्रमवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. थोड्या काळाने उदय बेनेगल गायक म्हणून आला आणि बँडला त्याचा आवाज मिळाला. ही नावं ओळीने वाचली की मुंबई डोळ्यांसमोर येते: सारस्वत, गुजराती, ख्रिस्ती, पारशी. सुरुवात त्यांचीही इतरांची गाणी वाजवण्यापासूनच झाली. पण त्यांनी लवकरच ठरवलं की आपण आपली गाणी वाजवायची. फर्माईश करणाऱ्या पब्लिकसमोर, त्याने कधीही न ऐकलेलं गाणं घेऊन उभं राहणं हे साधं धाडस नव्हतं. गाणं पडलं तर बँड पडणार होता. त्यांचं पडलं नाही. काही काळाने रंगभवनात पोरं त्यांच्याच गाण्यांची फर्माईश करायला लागली. ‘टॉप ऑफ द रॉक’ची पहिली सुरावट वाजली की पायऱ्यांवरची गर्दी उठून उभी राहायची. मुंबईच्या बँडचं स्वतःचं गाणं मुंबईच्या पोरांना पाठ आहे, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

१९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, ‘रॉक अँड रोल रेनिगेड’. कॅसेट घरी आणली तेव्हा अण्णा, माझे वडील, बाहेरच्या खोलीत होते. अण्णा नाट्यसंगीताचे वेडे. साहित्य संघातला एकही संगीत नाटकाचा प्रयोग ते सोडायचे नाहीत आणि त्यांच्या कपाटात नाटकांची जुनी छापील पुस्तकं होती. त्यांनी एक बाजू शांतपणे ऐकली. मग विचारलं, “चाल कुणाची गं?”

म्हटलं, “त्यांचीच.”

“सगळ्याच गाण्यांची?”

“सगळ्याच.”

“मग दुसरी बाजू लाव,” अण्णा म्हणाले.

हा प्रश्न त्यांना का पडला ते जुनी नाट्यपुस्तकं उघडली की कळतं. प्रत्येक पदाच्या वर लिहिलेलं असतं: चाल अमुक पदाची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून पदांच्या चाली कीर्तनातून, लावणीतून, साक्या-दिंड्यांतून, कानडी गाण्यांतून येत राहिल्या. पुढे त्यांत ठुमऱ्या आणि गझलाही मिसळल्या. १९११ च्या ‘मानापमान’च्या वेळी गोविंदराव टेंब्यांनी पदांना चाली दिल्या आणि चालींसाठी टेंब्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. साथीला काय होतं? पायपेटी, म्हणजे युरोपातून आलेला ऑर्गन. बालगंधर्वांच्या गाण्यामागे तो ऑर्गन वाजला आणि मराठी माणसाने त्याला इतकं आपलं मानलं की आज त्याच्याशिवाय नाट्यपद ओकंबोकं वाटतं. वाद्य बाहेरचं, चाल उसनी, तरीही गाणं आपलं झालं. कारण एका टप्प्यावर इथल्या माणसाने त्यात स्वतःचं म्हणणं घातलं. रॉकच्या बाबतीत तो टप्पा मी माझ्या तरुणपणी, माझ्या घराजवळ घडताना पाहिला. म्हणून ‘हे आपलं संगीत नाही’ असं कुणी म्हटलं की मला पायपेटी आठवते.

१९९० मध्ये दुसरा अल्बम आला, ‘द सेकंड कमिंग’. मग १९९१ पासून घरांच्या गच्च्यांवर तबकड्या बसल्या, केबलच्या वायरी या इमारतीतून त्या इमारतीत गेल्या आणि स्टारबरोबर एमटीव्ही आलं. ज्या बँडची कॅसेट हातोहात फिरायची त्याची गाणी आता चित्रासकट आशियाभर दिसू लागली. १९९३ मध्ये बँडने नाव बदलून इंडस क्रीड केलं. रॉक मशीन हे नाव जगातल्या कुठल्याही शहरातल्या बँडला चाललं असतं. नव्या नावात त्यांच्या भूमीचा पत्ता होता. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ च्या ‘इंडस क्रीड’ या अल्बममध्ये ‘ट्रॅप्ड’ आणि ‘स्लीप’सारखी गाणी आली. त्यांतली मांडणी आधीपेक्षा संयत होती, आरडाओरडा कमी आणि गाण्यावरची पकड जास्त. आता पुढे काय काय येईल याच्या अपेक्षेत आम्ही होतो.

आणि नेमकी तिथेच वाट अरुंद झाली. दूरचित्रवाणीच्या संगीतवाहिन्या हिंदीकडे वळल्या. हिंदी पॉपच्या कॅसेटी जोरात खपू लागल्या आणि कंपन्यांचं लक्ष तिकडे गेलं. इंग्रजीतून रॉक गाणाऱ्या बँडला जगायला कॉलेजांचे महोत्सव, पवईच्या आयआयटीचं मूड इंडिगो आणि अधूनमधून मिळणारे प्रायोजक एवढाच आधार उरला. १९९७ च्या सुमारास इंडस क्रीड थांबला. उदय आणि जयेश न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ या नावाने नवं काम सुरू केलं. महेश मुंबईतच राहिला. भक्तांना निरोप असा कुणी दिलाच नाही. कॅसेटींच्या दुकानात नवं काही येईनासं झालं, एवढंच.

पाठोपाठ रंगभवनही गेलं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाला कॉलेजची भिंत लागून आहे आणि कामा रुग्णालय जवळच आहे. थोड्याच काळात तिथले रॉकचे कार्यक्रम बंद पडले आणि ‘इंडिपेंडन्स रॉक’ अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेलं. माझा जन्म कामा रुग्णालयातला. बाळंतिणीला आणि आजारी माणसाला शांतता मिळालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुःख याचं आहे की शहराने एक मंच बंद करताना त्याच्या जागी दुसरा दिला नाही. कमी तिकिटात, रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल असं, कुठल्याही उपनगरातल्या पोराला परवडणारं उघडं नाट्यगृह पुन्हा मिळालं नाही. जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरस’ने काही वर्षं बँडांना आसरा दिला. २००७ मध्ये लोअर परळच्या गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ उघडलं. तिथला आवाज अप्रतिम होता आणि स्वतःची गाणी करणाऱ्या बँडांना त्याने फार मोठी मदत केली, हे मी कृतज्ञतेने लिहिते. पण डोंबिवलीचा कॉलेजकुमार खिशात लोकलचा पास आणि थोडे पैसे घेऊन रंगभवनात जसा हक्काने शिरायचा, तसा तो तिथे शिरू शकत नव्हता. गिरणगावच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या मुंबईत संगीत आलं, त्याचा श्रोता मात्र आधीचा राहिला नाही.

या सगळ्या पडझडीनंतर २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. उदय मुंबईला परतला होता, महेशबरोबर तो ‘व्हर्लिंग कलापाज’ या नावाने साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारींवर कार्यक्रम करत होता. त्यातून जुनी ओढ जागी झाली. झुबिन कीबोर्डवर परत आला. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे पुढच्या पिढीचे वादक आले. पुनर्मीलनाचे कार्यक्रम जुनी गाणी वाजवून सहज चालले असते. आमच्यासारखे लोक तिकीट काढून गेलेच असते. त्यांनी तसं न करता नवा अल्बम करायचं ठरवलं, यातच माझ्या मते बँडचा स्वभाव आहे. १९८० च्या दशकात त्यांनी दुसऱ्याची गाणी वाजवत राहायला नकार दिला होता, आता स्वतःचीच जुनी गाणी वाजवत राहायलाही त्यांनी नकार दिला.

‘इव्हॉल्व्ह’ची सीडी मी काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मधून आणली. ते दुकानही पुढे २०१६ मध्ये बंद झालं. पहिल्याच ऐकण्यात जाणवलं की या गाण्यांना घाई नाही. ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’, ‘द मनी’, ‘टेक इट हार्डर’: गाणी लांब आहेत, आणि पहिल्या मिनिटात धृपद पदरात टाकून मोकळी होणारी नाहीत. पूर्वी महेशची गिटार गाण्याच्या मध्यावर पुढे येऊन आपला एकलवादनाचा वाटा घ्यायची. इथे ती पूर्ण गाण्यात पसरलेली आहे, थरांवर थर असलेली. एक थर कोरडा, खरखरीत, दुसरा दूरवरून येणारा. झुबिनचा कीबोर्ड नुसता भरणा करत नाही, गाण्याला अवकाश देतो. जय आणि रुशाद यांनी ताल असा धरला आहे की वजनदार गाणंही बोजड होत नाही. आणि उदयचा आवाज! तरुणपणी तो वरच्या पट्टीत चढून दाद घ्यायचा. इथे तो मधल्या पट्टीत राहून शब्दाला वजन देतो आणि चढायचं तिथेच चढतो. वयाने आवाजातलं जे जातं त्यापेक्षा जे येतं ते मोठं असू शकतं, हे मी आजवर ख्यालगायकांच्या बाबतीत ऐकलं होतं. रॉकच्या गायकाच्या बाबतीत ते कानांनी अनुभवलं.

अल्बमचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. पर्ल जॅम या अमेरिकन बँडच्या ‘टेन’ या अल्बमचं मिक्सिंग करणारा हा माणूस. त्यामुळे ध्वनीची गुणवत्ता जगात कुठेही ताठ मानेने वाजवावी अशी आहे. १९८८ ची कॅसेट ऐकताना वाद्यं एकमेकांच्या अंगावर चढल्यासारखी वाटायची, कारण तेव्हा इथल्या स्टुडिओंना सिनेमाचा वाद्यवृंद टिपायची सवय होती, डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारचा आवाज पकडायची नव्हती. ‘इव्हॉल्व्ह’मध्ये प्रत्येक तार वेगळी ऐकू येते.

पण माझ्या लेखी सर्वांत मोठी गोष्ट निराळीच आहे. ‘रॉक अँड रोल रेनिगेड’वर माझं आजही प्रेम आहे, तरी ते ऐकताना त्या काळच्या अमेरिकन हार्ड रॉकची सावली दिसते. चाल त्यांची स्वतःची होती, पण पोशाख त्या काळाचा होता. ‘द सेकंड कमिंग’मध्ये तो पोशाख सैल झाला, १९९५ मध्ये आणखी सैल. ‘इव्हॉल्व्ह’ ऐकताना हे कुणासारखं वाटतं असा विचार मनात आलाच नाही. प्रभाव आहेत, प्रत्येक संगीतात असतात. ते आता गाण्यात जिरले आहेत. पब्लिकने एका सुरात ओरडून म्हणावं असं धृपद या अल्बममध्ये कमी आहे आणि रंगभवनाच्या पायऱ्यांवरच्या त्या मुलीला ते थोडं खटकतं. तरी हा अल्बम गर्दीने उभं राहून ऐकायचा नाहीच, तो बसून पुन्हा पुन्हा ऐकायचा आहे, हे मला मान्य आहे.

महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहिताना आपण लावणी, पोवाडा, नाट्यपद, भावगीत, सिनेसंगीत यांची प्रकरणं मांडतो, आणि ती मांडलीच पाहिजेत. त्याच इतिहासात धोबीतलावचंही एक प्रकरण हवं: कुडांतले वादक, ताजमधला जॅझ, ‘अलबेला’तला चिक चॉकलेट, सिमला बीटची पोरं, जॅझ यात्रा, इंडिपेंडन्स रॉक आणि रॉक मशीन. रंगभवन अजून जागेवर आहे. तिथे दिवसा, मर्यादित आवाजात, विजेच्या वाद्यांविना कार्यक्रम करता येतील. त्या मंचावर वाजून गेलेल्यांची छायाचित्रं, ध्वनिफिती, तिकिटं, भित्तिपत्रकं जमवून तिथेच जपता येतील. ज्यांच्याकडे हे आहे ती माणसं आज साठीच्या पुढे-मागे आहेत. हे काम आता केलं नाही तर पुढे करता येणार नाही.

आणि ज्यांनी हा बँड कधी ऐकला नाही त्यांना माझं सांगणं आहे: एकदम ‘इव्हॉल्व्ह’ने सुरुवात करू नका. १९८८, १९९०, १९९५ आणि २०१२ असे चारही अल्बम क्रमाने ऐका. पहिल्यात शिकलेली विद्या ऐकू येईल, दुसऱ्यात धिटाई, तिसऱ्यात स्वतःच्या भूमीचं भान. चौथ्यापर्यंत पोहोचाल तेव्हा कुणाच्याही फर्माइशीची वाट न बघता मुंबई आपल्या मनातलं गाते आहे, हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.